घरच्या तव्यावरचा स्टेक

अमेरिकेत आल्यावर आपल्यापैकी अनेकांची स्टेकशी पहिली गाठ पडते ती हॉटेलात. ऑफिसचं जेवण असतं, मेनूकार्डावरची किंमत मनातल्या मनात रुपयांत करून झालेली असते, आणि वेटर विचारतो, "कसा हवा? रेअर, मीडियम की वेल-डन?" पोळी किती भाजू, असं आपल्याला कधी कुणी विचारलेलं नसतं. मग शेजारचा जे सांगेल तेच आपणही सांगतो. हे काम हॉटेलातल्या आचाऱ्यांचं, आपलं नव्हे, अशी समजूत होते ती तिथेच. खरं म्हणजे जाड तुकडा, मीठ, थोडं तूप आणि एक जड तवा एवढंच त्याला लागतं. आणि तो तवा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.

इथे ज्याला कास्ट आयर्न स्किलेट म्हणतात, तो म्हणजे उभ्या काठाचा आणि दांड्याचा बिडाचा तवा. कोकणात घावन आणि आंबोळ्या ज्या तव्यावर होतात, त्याच बिडाचा. अमेरिकेत या भांड्यांचं मोठं नाव म्हणजे लॉज. जोसेफ लॉज यांनी टेनेसी राज्यातल्या साउथ पिट्सबर्ग या लहानशा गावात १८९६ साली ओतशाळा काढली. १९१० मध्ये ती जळाली, आणि जवळच पुन्हा उभी राहिली. त्याच १९१० साली आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. मी सांगलीकडची, त्यामुळे हा योगायोग मला फार आवडतो. माझा बारा इंची स्किलेट जवळजवळ साडेतीन किलोचा आहे. एका हाताने उचलायच्या भानगडीत मी पडत नाही.

आता सगळ्यांच्या मनात आलेला प्रश्न. स्टेक म्हणजे बहुतेक वेळा बीफ, आणि आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत ते चालत नाही. माझ्याही ताटात ते येत नाही. मटण आणि मासे खाणाऱ्या घरात मी वाढले, आणि बीफ न खाण्याची सवय मी तशीच ठेवली आहे. पण मराठी ताट काही एकच नाही. मुंबई-वसईकडच्या काही ख्रिस्ती घरांत बीफ पूर्वीपासून शिजतं, तर कितीतरी मराठी घरांत अंडंही येत नाही. दोन्हीही मराठी घरंच.

माझा मुलगा इथे जन्मला. आता तो अकरा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी तो मित्राकडे स्टेक खाऊन आला आणि हळूच म्हणाला, "आई, आजीला सांगू नकोस हं." त्याने काय खाल्लं, याचं मला काही वाटलं नाही. तो लपवतोय, याचं वाटलं. लग्नाआधी आणि नंतर मिळून चार वर्षं मी शाळेत शिकवलं आहे. मूल घरी एक गोष्ट दडवायला लागलं, की दुसरी दडवणं त्याला सोपं जातं, हे वर्गात पुष्कळदा पाहिलं होतं. नवरा बाहेर गेला की बीफ खातो, हे सासूबाईंनाही माहीत होतं. फक्त त्यावर कुणी बोलत नव्हतं. त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे यायच्या होत्या. त्याआधी आम्ही फोनवर सगळं स्पष्ट बोललो. क्षणभर त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी खाणार नाही. माझ्या भांड्यांत करू नका. पण पोराने चोरून खाऊ नये."

तेव्हापासून आमच्या घरी हाच नियम आहे. स्टेकचा स्किलेट वेगळा, चिमटा वेगळा, कापायची फळी वेगळी. श्रावणात आणि सणावारी स्टेक नाही. आणि जे खायचं ते घरच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. मी खात नसले तरी करते मीच, कारण करायचंच तर नीट यायला हवं. ज्यांना बीफ नको, त्यांना याच रीतीने लॅम्ब चॉप, पोर्क चॉप किंवा सामन माशाचे जाड तुकडे करता येतात. मी माझ्यासाठी लॅम्बच करते.

सुरुवात दुकानातून. तुकडा निदान एक इंच जाड हवा, दीड इंच असेल तर उत्तम. पातळ तुकडा बाहेरून खरपूस होईपर्यंत आतून वातड होतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी रिबाय किंवा स्ट्रिप घ्यावा. पाकिटावर प्राइम, चॉइस किंवा सिलेक्ट असा सरकारी दर्जा छापलेला असतो. मांसात चरबीच्या पांढऱ्या रेषा किती, यावर तो बराचसा ठरतो. घरी करायला चॉइस पुरेसा आहे.

मीठ आदल्या रात्री लावावं, ते जमलं नाही तर किमान पाऊण तास आधी. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग त्या पाण्यात विरघळून आत मुरतं. कोशिंबिरीत मीठ घातल्यावर काकडीला पाणी सुटतं, तोच प्रकार. मीठ लावून दहा-वीस मिनिटांतच तुकडा तव्यावर टाकला, तर नेमकं ते सुटलेलं पाणी आडवं येतं. रात्रभर तुकडा फ्रिजमध्ये उघडाच ठेवावा आणि करण्याआधी पेपर टॉवेलने टिपून कोरडा करावा.

कोरडा कशासाठी? पाणी २१२ अंश फॅरनहाइटला उकळतं, आणि पृष्ठभागावर ते आहे तोवर मांस त्याच्या फार वर तापत नाही. नुसतं वाफतं. खरपूस रंग आणि वास यायला साधारण २८० अंशांच्या पुढे जावं लागतं. प्रथिनं आणि साखर यांच्यातली ही क्रिया लुई-कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. मटणाच्या वाटणासाठी आपण कांदा-खोबरं भाजतो, तेव्हा येणाऱ्या खमंग वासातही याच क्रियेचा वाटा असतो.

बिडाच्या तव्याचं काम इथे सुरू होतं. बीड उष्णता हळू पसरवतं, म्हणून तवा मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं तापू द्यावा. पण जड असल्यामुळे तो उष्णता धरून ठेवतो. फ्रिजमधला थंड तुकडा पडला की हलका तवा एकदम निवतो, बिडाचा तितका निवत नाही. तेलाचा हात फिरवल्यावर बारीक धूर दिसू लागला, की तुकडा ठेवावा. एक्झॉस्ट आणि खिडकी आधीच उघडावी. फोडणीने वाजणारा स्मोक अलार्म स्टेकने वाजणारच, पण म्हणून त्याची बॅटरी काढू नये.

दर मिनिटाला तुकडा उलटला तरी चालतं, उलट दोन्ही बाजू सारख्या शिजतात. "आधी चटका दिला की रस आत कोंडतो" हे तुम्ही ऐकलं असेल. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञामुळे हे मत पसरलं, आणि हॅरॉल्ड मॅकगी यांनी 'ऑन फूड अँड कुकिंग' या १९८४ च्या पुस्तकात ते खोडून काढलं. चटका चवीसाठी द्यायचा, रस कोंडायला नव्हे.

शेवटची दोन मिनिटं इथले लोक लोणी आणि लसूण घालतात आणि ते चमच्याने वरून सोडत राहतात. लोण्यातले दुधाचे कण लवकर करपतात. साजूक तुपात ते कण नसतात, म्हणून मी तूपच घालते. सोबत ठेचलेला लसूण आणि चार कढीपत्त्याची पानं. नवरा आता दुसरं काही मागत नाही.

शिजलं की नाही हे अंदाजाने ठरवू नका, थर्मामीटर घ्या. मीडियम-रेअर म्हणजे १३० ते १३५ अंश, मीडियम १४० ते १४५. खाली उतरवल्यावरही आतलं तापमान थोडं चढतं, म्हणून पाच अंश आधीच काढावा. अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला आहे १४५ अंश आणि मग तीन मिनिटं विसावा. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसं यांच्यासाठी तोच पाळावा. मुलाचा तुकडा मी त्याखाली उतरवत नाही. लॅम्ब आणि पोर्कच्या चॉपना हेच माप. खिमा मात्र १६० आणि चिकन १६५. ताटात उतरणारं लाल पाणी पाहून अनेकजण दचकतात. ते रक्त नसतं. स्नायूंतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा तो रंग. पाच-दहा मिनिटं थांबून, मांसाच्या धाग्यांना आडवं कापलं की घास मऊ लागतो.

स्किलेटची निगा मला सासूबाईंनी शिकवली. स्टेकला त्या हात लावत नाहीत, पण बिडाचा तवा गंजताना त्यांना बघवत नाही. दुकानातून आणलेला त्यांचा स्वतःचा स्किलेट त्यांनी आठवडाभर घावन घालून वापरात आणला. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, ही त्यांची रीत. तापलेल्या तेलाचा पातळ थर बिडावर कडक होऊन बसतो आणि तवा चिकटत नाही. इथे याला सीझनिंग म्हणतात. तवा भिजत ठेवू नये. धुऊन लगेच पुसावा, गॅसवर वाळवावा आणि तेलाचा हात लावावा. साबण अजिबात नको, हा समज दाहक क्षार असलेल्या जुन्या साबणांच्या काळातला. आजच्या साबणाचे दोन थेंब चालतात. चिंच, आमसूल, टोमॅटो यांचं आंबट मात्र त्यात रटरट शिजवू नये, तो थर निघतो.

आता शनिवारी सासूबाईंचा स्किलेट एका शेगडीवर असतो, आमचा दुसऱ्या. मुलगा थर्मामीटर वाचून आजीला आकडा सांगतो, आणि तिच्याकडून पहिला घावन घेतो. तुमच्या घरी स्टेक करायचा की नाही, बीफ की लॅम्ब, की यातलं काहीच नको, हे तुमचं तुम्ही ठरवाल. ठरवताना मुलांना आणि घरातल्या मोठ्यांना एकाच टेबलाशी बसवा, एवढंच सांगते.