रस्ता रुंद करायचा की एसटी वाढवायची? मोजायचं कसं?

वाहतुकीच्या दोन योजनांतली एक निवडायची वेळ आली की पुढारी गाड्यांचा वेग सांगतात. नियोजनकार आणखी एक गोष्ट मोजतात, ती म्हणजे ‘पोहोच’. घरातून निघून, समजा एका तासात, किती जणांना कॉलेज, दवाखाना, काम गाठता येतं?

धुळे–जळगाव महामार्गावरच्या एरंडोलजवळचं एखादं खेडं घ्या. मुलीला जळगावच्या कॉलेजात जायचंय. रस्ता रुंद केल्यानं दहा मिनिटं वाचतात असं धरू. आता एसटी तासाला एक असेल, अन् वेळेचा भरवसा नसेल, तर थांब्यावर सरासरी अर्धा तास जातो. अर्ध्या तासाला एक केली की पंधरा मिनिटं. रस्ता होता तसाच, तरी पंधरा मिनिटं वाचली! मोटारसायकलवाल्याला मात्र पहिलीच योजना बरी वाटेल. म्हणून हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो: ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांचा, नाही त्यांचा, मुलीबायकांचा. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पण गाडी आली तर ना!

2024 मध्ये मंजूर झालेल्या, धुळ्यातून जाणाऱ्या 309 किलोमीटरच्या मनमाड–इंदूर रेल्वेमार्गालाही हेच माप लावावं. इंदूर किती तासांवर आलं हे विचाराच. पण खेड्यातून स्टेशनापर्यंत जायला काय मिळणार, तेही विचारा.