ऑनलाइन दुकान कुठे मांडायचं? आधी आपला माल बघा, मग ॲप

सख्यांनो, गटांच्या मासिक बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, आमचा मसाला ऑनलाइन टाकायचाय, कुठल्या ॲपवर टाकू?" कुणी म्हणतं मीशो, कुणी म्हणतं ॲमेझॉन, कुणाच्या भाच्याने वेबसाइट करून देतो म्हणून सांगितलेलं असतं. एकच ॲप सगळ्या गटांना चालेल असं नाही. पापडाला जे चालतं ते गोधडीला चालेलच असं नाही. म्हणून या लेखात ॲपची यादी नंतर, आधी हिशेब.

पहिला प्रश्न : आपला माल प्रवासाला कसा आहे?

कुरिअरवाले दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं, दुसरं खोक्याच्या आकारावरून काढलेलं. जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. आकाराचं वजन काढायला बहुतेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला ५००० ने भागतात.

समजा अर्धा किलो कुरडया ३० × २५ × १५ च्या खोक्यात भरल्या. गुणाकार ११,२५० झाला. ५००० ने भागलं की सव्वादोन किलो. म्हणजे माल अर्धा किलो आणि भाडं सव्वादोन किलोचं! वर कुरडया वाटेत मोडल्या तर गिऱ्हाइकाची तक्रार वेगळीच. तेच मसाला, हळद, मेतकूट, डाळी या वस्तू कमी जागेत जास्त वजनाच्या आणि न मोडणाऱ्या. त्या लांब पाठवायला परवडतात. वाळवणाचे हलके, फुगीर प्रकार जवळच्या शहरात, प्रदर्शनात किंवा एकगठ्ठा ऑर्डरने विकलेले बरे.

खाण्याच्या वस्तूंना मुदतही बघावी लागते. ऑनलाइन मागवलेला खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हातात पडेल तेव्हा त्याची किमान ३० टक्के मुदत किंवा संपायला किमान ४५ दिवस बाकी असावेत, असं एफएसएसएआयने २०२४ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं आहे. पंधरा दिवस टिकणारे लाडू मोठ्या ॲपवर टाकण्याआधी हा विचार करा.

दुसरा प्रश्न : हातात किती उरतं?

आता एक उदाहरण बघू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुम्ही आपल्या गटाचे घाला.

पाव किलो काळा मसाला : साहित्य ११० रुपये, भाजणं-कुटणं आणि मजुरी ४०, पाकीट व लेबल १०. एकूण १६०. प्रदर्शनात २०० ला विकला तर ४० रुपये उरतात.

हेच पाकीट ॲपवर २६० ला टाकलं. खोका १२, कमिशन १० टक्के धरलं तर २६, कुरिअर ६५. कमिशन आणि कुरिअर मिळून ९१ रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६. सगळी बेरीज २७९. विकलं २६० ला, खर्च २७९. म्हणजे १९ रुपये तोटा. मजुरी धरली नाही तर हाच व्यवहार २१ रुपये नफ्याचा दिसतो. आपली मजुरी आपणच खाऊन टाकली, हे कळतसुद्धा नाही. म्हणून मजुरी आधी लिहा.

आता चार पाकिटांचा एक किलोचा संच करू. किंमत ९६०. माल ६४०, खोका २०, कमिशन ९६, कुरिअर ९०, दोन्हींवरचा जीएसटी ३३. खर्च ८७९, उरले ८१ रुपये. म्हणजे ॲप तेच, पण संच केल्यावर तोट्याचा नफा झाला.

हाच संच ओळखीच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर ८६० रुपये अधिक १०० रुपये कुरिअर असा दिला, तर तिच्या खिशातून ९६० च गेले, पण आपल्याकडे २०० रुपये उरले.

परतीचा मालही विसरू नका. 'पैसे माल मिळाल्यावर' या पद्धतीत पार्सल न घेता परत पाठवणारे बरेच असतात. गोधडी परत आली तर पुन्हा विकता येते. फोडलेलं मसाल्याचं पाकीट येत नाही. ६४० चा माल, २० चा खोका, ९० चं कुरिअर असे ७५० रुपये पाण्यात. म्हणजे नऊ पार्सलांची कमाई एका परतीत गेली.

तिसरा प्रश्न : कागद काय आहेत?

- खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयची नोंदणी हवीच, आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर हवा.
- पाकिटावर गटाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष, किती दिवसांत वापरावं आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापा. ऑनलाइन फोटोसोबतही यातली बहुतेक माहिती द्यावी लागते.
- जीएसटी. पूर्वी जीएसटीशिवाय ॲपवर कर लागू असलेल्या वस्तू विकता येत नव्हत्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सवलत मिळाली आहे. वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल, तर पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घेऊन वस्तू विकता येतात. पण फक्त आपल्याच राज्यात. म्हणजे नागपूर, पुणे, मुंबई चालेल. बेळगाव, पणजी, सुरतेची ऑर्डर घेता येणार नाही. काही हस्तकला वस्तू सोडल्या तर परराज्यात विकायला जीएसटी नोंदणी लागते, आणि ती घेतली की विक्री झाली नाही तरी रिटर्न भरावंच लागतं. दोन-चार ऑर्डरींसाठी हे लचांड मागे लावून घ्यायचं का, ते गटाने मिळून ठरवा.

आता कुठे कुठे मांडता येतं ते बघू

*व्हॉट्सॲप बिझनेस* : फुकट. फोटो आणि किमतीचा कॅटलॉग लावता येतो, पैसे यूपीआयने थेट खात्यात. गिऱ्हाईक मात्र आपणच जमवायचं. महालक्ष्मी सरस किंवा जिल्ह्याच्या प्रदर्शनात आलेल्या बायकांचे नंबर त्यांना विचारून वहीत लिहिले असतील, तर पहिलं दुकान इथेच मांडा.

*उमेद मार्ट आणि ई-सरस* : ही बचत गटांसाठीचीच सरकारी ठिकाणं. उमेद मार्ट आपल्या राज्याच्या अभियानाचं, ई-सरस केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाचं. माल चढवण्यासाठी तालुका अभियान कक्षाला भेटा. मोठ्या ॲपइतकी वर्दळ इथे नसते, पण शिकायला जागा चांगली.

*जेम* : २०१६ पासूनची सरकारी खरेदीची बाजारपेठ. बचत गटांसाठी इथे 'सरस कलेक्शन' हा वेगळा विभाग आहे. गिऱ्हाईक म्हणजे सरकारी कार्यालयं. कापडी पिशव्या, फाइल फोल्डर, हातमागाच्या वस्तू एकगठ्ठा देऊ शकणाऱ्या गटांनी इकडे बघावं. एकट्या गटापेक्षा प्रभागसंघाने मिळून घेतलेलं सोयीचं, कारण ऑर्डर ठरल्या तारखेला पुरी करावी लागते.

*ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो* : गिऱ्हाईक भरपूर, पण स्पर्धाही तेवढीच. ॲमेझॉनचा 'सहेली' आणि फ्लिपकार्टचा 'समर्थ' हे उपक्रम महिला आणि लहान कारागिरांसाठी आहेत. मीशो कमिशन घेत नाही असं सांगतं, तरी कुरिअर आणि परतीचा हिशेब करावाच लागतो. दर वस्तूप्रमाणे वेगळे असतात आणि बदलत राहतात. म्हणून शेजारच्या गटाने सांगितलेला दर धरू नका, विक्रेत्यांच्या पानावरचा आजचा दर बघा. पैसेही लगेच येत नाहीत. पुढचा कच्चा माल घ्यायला तेवढं भांडवल गटाकडे हवं.

*स्वतःची वेबसाइट* : शॉपिफायला दरमहा भाडं लागतं. वूकॉमर्स फुकट आहे, पण जागा आणि नाव यांचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. इथे दुकान बांधून मिळतं, गिऱ्हाईक मिळत नाही. आधीच महिन्याला बऱ्याच ऑर्डरी येत असतील आणि रोज संगणकावर बसणारी सखी गटात असेल, तरच हा विचार करा.

दुकान कुणाच्या नावावर?

हा मुद्दा बहुतेक जणी शेवटी बघतात, पण भांडणं इथूनच होतात. एका सदस्येच्या मुलाच्या मोबाइलवर खातं उघडलं, पैसे त्याच्या बँकेत यायला लागले, पुढे तो नोकरीला शहरात गेला. मग ओटीपी त्याच्याकडे, पैसे त्याच्याकडे, आणि जमवलेली गिऱ्हाइकंही त्याच्याकडे.

म्हणून खातं गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या पॅनवर आणि बँक खात्यावरच उघडा. त्यासाठी गटाचं वेगळं सिमकार्ड घ्या. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे ठेवा. बैठकीत ठराव करून प्रोसिडिंगमध्ये लिहा आणि ऑनलाइन विक्रीची वेगळी वही घाला.

आणखी एक सावधगिरी. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर विक्रेता म्हणून नाव नोंदवायला फी नसते. कुणी फोन करून नोंदणीसाठी पैसे मागितले तर देऊ नका. आणि पैसे *घ्यायला* यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे प्रत्येकीला सांगा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

एकच वस्तू निवडा, सगळ्यात जास्त टिकणारी आणि न मोडणारी. वहीत तिचं एक पान करा : साहित्य, मजुरी, पाकीट, खोका, कुरिअर, कमिशन, जीएसटी, परतीसाठी थोडी रक्कम. शेवटी शिल्लक. मग एकाच ठिकाणी तीन महिने विकून बघा आणि दर महिन्याला शिल्लक मोठ्याने वाचून दाखवा. किती ऑर्डरी आल्या ते नंतर, हातात किती उरलं ते आधी. ते पान घेऊन ग्रामसंघाच्या बैठकीला या. सीआरपी ताई आणि बाकीच्या गटांसोबत बसून पुढचं पाऊल ठरवू.