वसिष्ठ-अरुंधती: दोन नव्हे, सहा तारे

लग्नसराई आली की एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा: आकाशातल्या इतर जोडताऱ्यांत एक तारा स्थिर असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो, वसिष्ठ आणि अरुंधती मात्र एकमेकांभोवती फिरतात, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, म्हणूनच नवदांपत्याला हे तारे दाखवण्याचा विधी त्यांनी घातला. नवरा-बायकोच्या बरोबरीचा अर्थ त्यातून निघतो, म्हणून लोक तो आवडीने पुढे पाठवतात. बरोबरीची भावना चांगलीच आहे. पण तिला दिलेला खगोलशास्त्राचा टेकू पहिल्या वाक्यापासून चुकीचा आहे, आणि त्या चुकीने दुहेरी नुकसान होते. या ताऱ्यांची खरी रचना त्या मजकुरापेक्षा कितीतरी विलक्षण आहे, ती झाकली जाते. शिवाय नुसत्या डोळ्यांनी आकाश वाचणाऱ्या जुन्या निरीक्षकांचे खरे श्रेय बाजूला राहून त्यांच्या नावावर भलतेच काही जमा होते.

आधी तो स्थिर तारा पाहू. असा तारा कुठल्याही जोडीत नसतो. गुरुत्वाकर्षण एकतर्फी नाही; दोन वस्तू एकमेकींना सारख्याच बलाने ओढतात आणि दोघीही सामायिक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. एक फार जड असेल तर ते केंद्र तिच्या जवळ सरकते, तिची कक्षा लहान होते, पण ती थांबत नाही. याचा उत्तम पुरावा व्याधाने दिला. हा तेजस्वी तारा आकाशात सरळ रेषेत न सरकता किंचित हेलकावत जातो, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या लक्षात आले, आणि त्याला न दिसणारा एक जोडीदार असला पाहिजे असा निष्कर्ष त्यांनी 1844 साली मांडला. अमेरिकेत अल्व्हान क्लार्क यांना नव्या दुर्बिणीची चाचणी घेताना तो जोडीदार 1862 साली प्रत्यक्ष दिसला. म्हणजे मुख्य तारा स्थिर नव्हता म्हणूनच त्याचा सोबती सापडला. एकमेकांभोवती फिरणे ही वसिष्ठ-अरुंधतीची खासियत नाही. तो सगळ्या जोडताऱ्यांचा नियम आहे. उलट याच जोडीत पारडे बरेच असमान आहे, कारण वसिष्ठाच्या बाजूचे एकूण वस्तुमान अरुंधतीच्या बाजूपेक्षा तिपटीहून अधिक भरते.

‘वसिष्ठाची बाजू’ असे म्हणावे लागते, कारण वसिष्ठ हा एक तारा नाही. गॅलिलिओने 1617 साली दुर्बीण त्याच्याकडे वळवली तेव्हा एका ठिपक्याच्या जागी दोन दिसले. त्यांच्यातले अंतर आकाशात सुमारे 14 विकला भरते; प्रत्यक्षात ते पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेतीनशे पटींहून अधिक आहे. जवळजवळ पावणेतीन शतके हे दोनच धरले गेले. मग हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांची छायाचित्रे तपासताना थोरल्या ताऱ्याची एक वर्णरेषा कधी एकेरी तर कधी दुहेरी दिसू लागली. जवळ येणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश निळ्याकडे सरकतो आणि दूर जाणाऱ्याचा तांबड्याकडे; तेव्हा रेषा दुभंगते याचा अर्थ तिथे दोन तारे आहेत आणि ते आळीपाळीने पुढे-मागे होत आहेत. एडवर्ड पिकरिंग यांनी 1889 साली हा शोध जाहीर केला आणि त्या वर्णपटांवर अँटोनिया मॉरी यांनी बारकाईने काम केले. दुर्बिणीतून वेगळे न दिसणारे जोडतारे वर्णपटावरून ओळखण्याची वाट इथे खुली झाली. हे दोन्ही तारे सूर्याच्या दुपटीहून जड, पांढरे आणि तप्त आहेत. एक फेरी ते साडेवीस दिवसांत पुरी करतात, आणि त्यांच्यातले सरासरी अंतर बुध-सूर्य अंतरापेक्षाही कमी आहे. धाकटा ताराही दुहेरी निघाला, हे 1908 साली कळले. त्याची फेरी सुमारे 176 दिवसांची. असा एकटा वसिष्ठच चार ताऱ्यांचा झाला. अरुंधतीची पाळी अगदी अलीकडे आली. तिच्यासारख्या तप्त पांढऱ्या ताऱ्याकडून क्ष-किरण येण्याचे कारण नसते, तरी ते येत होते. अमेरिकेतल्या दोन गटांनी 2009 साली स्वतंत्रपणे तिच्या झगमगाटात दडलेला एक लाल बटू तारा शोधला. त्याचे वस्तुमान सूर्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे आहे, आणि क्ष-किरणांचा उगमही त्याच्याकडेच बोट दाखवतो. एकूण तारे सहा. आपल्यापासून सुमारे 82 प्रकाशवर्षांवर असलेली ही षट्तारा प्रणाली तारकांच्या हिशेबात शेजारचीच म्हणायची.

आता असा आक्षेप येईल की, नियम सगळ्यांना लागू असला तरी या दोघांचे फिरणे प्राचीनांनी पाहिले असेलच की. आकडेच तसे होऊ देत नाहीत. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातले अंतर आपल्या दृष्टिरेषेला आडवे, म्हणजे कमीत कमी धरले, तरी ते पृथ्वी-सूर्य अंतराच्या सतरा हजार पटींहून अधिक येते. 2009 च्या संशोधनाचा अंदाज तर 74 हजार पटींचा आहे. कमीत कमी अंतर घेतले तरी एका फेरीला सात-आठ लाख वर्षे लागतील. मोठे अंतर खरे असेल तर साठ-सत्तर लाख. पाच हजार वर्षे पिढ्यानपिढ्या टक लावून पाहिले तरी फेरीचा शंभरावा भागसुद्धा सरकणार नाही. हे दोघे खरोखर बांधलेले आहेत की योगायोगाने शेजारी दिसतात, हाही प्रश्न बराच काळ रेंगाळला होता. हिप्पार्कोस उपग्रहाच्या मोजमापांत दोघांच्या अंतरात तीन प्रकाशवर्षांचा फरक दिसला, आणि तो ‘हे तारे तीन प्रकाशवर्षे दूर आहेत’ असा पुस्तकांत शिरला. पण मोजमापातली अनिश्चितता लक्षात घेता त्या फरकावर विसंबता येत नव्हते. अंतर आणि गती नव्याने तपासल्यावर पुरावा ते एकाच प्रणालीचे असण्याकडे झुकतो. शेजारी दिसणे मात्र कधीच पुरेसा पुरावा नसतो. या दोघांच्या मध्येच दिसणारा एक मंद तारा जर्मनीतल्या लीबक्नेख्ट यांनी 1722 साली नवा ग्रह समजून आपल्या राजाचे नाव देऊन नोंदवला. तो निघाला फार मागे असलेला, यांच्याशी काही संबंध नसलेला तारा.

दुसरा गैरसमज डोळ्यांचा. अरुंधती दिसणे म्हणजे असामान्य तीक्ष्ण दृष्टी, आणि न दिसणे म्हणजे मृत्यू जवळ आल्याचे चिन्ह, अशी जुनी समजूत आहे. दोघांमधले अंतर सुमारे 12 कला आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून अधिक. निरोगी डोळा एका कलेच्या आसपासचा फरक ओळखतो. काळोख्या आकाशात अरुंधती सहज दिसते. मुंबई-पुण्याच्या उजळलेल्या आकाशात चौथ्या प्रतीचा हा तारा तरुण डोळ्यांनाही हुलकावणी देतो, आणि त्याला कारण रस्त्यावरचे दिवे असतात. म्हाताऱ्या माणसाला तो दिसेनासा झाला तर मोतीबिंदू तपासून घ्यावा. आजीला आयुष्याची भीती घालण्यात काही अर्थ नाही. वसिष्ठातली पहिली फाळणी मात्र नुसत्या डोळ्यांच्या खरोखरच आवाक्याबाहेर आहे, आणि गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो. डोळ्यांना दिसणारी जोडी एक आणि दुर्बिणीत दिसणारी दुसरी. दोन्हींना ‘जोडतारा’ म्हटले की दुर्बिणीचा शोध सहज प्राचीनांच्या खात्यात जातो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, परंपरेतला मानच तुम्ही काढून घेतला. मला नेमके उलट वाटते. आश्वलायन गृह्यसूत्रात वधूने ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहण्याचा विधी आहे. तिथे भर आहे तो अढळपणावर आणि निष्ठेवर, कक्षेच्या गणितावर नाही. आणि आपल्या शास्त्रचर्चेत अरुंधतीदर्शनन्याय आहे: मंद तारा दाखवायचा तर आधी जवळचा ठळक तारा ‘हीच अरुंधती’ म्हणून दाखवावा, नजर तिथे ठरली की मग खऱ्या अरुंधतीकडे न्यावे. ज्यांनी हा दृष्टान्त घडवला त्यांना ती मंद आहे, ठळक सोबत्याच्या बाजूला आहे आणि दाखवल्याशिवाय चटकन सापडत नाही, हे प्रत्यक्ष पाहून माहीत होते. निरीक्षणाची आणि शिकवण्याची ही अस्सल साक्ष आहे. तिच्या शेजारी न केलेल्या शोधाचे श्रेय ठेवले की ज्याला वर्णपट म्हणजे काय हे ठाऊक आहे तो वाचक खऱ्या साक्षीवरही अविश्वास दाखवू लागतो.

एका बाबतीत मात्र जुन्या नजरेने केलेली मांडणी वस्तुस्थितीच्या बरीच जवळ निघाली, तीही कोणाला कल्पना नसताना. ताऱ्यांच्या आकृत्या बहुतेक वेळा निव्वळ दृष्टीचा योगायोग असतात. सप्तर्षींतले क्रतू आणि मरीची हे दोघे तसेच उपरे आहेत. त्यांची अंतरे वेगळी आणि दिशाही वेगळी. पण पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे पाच, आणि त्यांच्यासोबत अरुंधती, अवकाशात एकाच दिशेने चालले आहेत. रिचर्ड प्रॉक्टर यांनी हे 1869 साली दाखवले. तीस ते पन्नास कोटी वर्षांपूर्वी एकाच वायुमेघातून जन्मलेल्या समूहाचे हे सदस्य मानले जातात. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास महाराष्ट्रातून सप्तर्षी उत्तरेला चांगले वर असतात. दांडीच्या टोकाकडून दुसरा तारा वसिष्ठ, आणि त्याला लागून अरुंधती. साध्या लहान दुर्बिणीतूनही वसिष्ठाचे दोन भाग स्पष्ट वेगळे दिसतात. लग्नघरच्या गच्चीवर ती एक दुर्बीण मांडली, तर नवरा-नवरीला सहा ताऱ्यांचे तीन प्रकाशबिंदू स्वतःच्या डोळ्यांनी मोजता येतील.