अब्राहामाचा थोरला पुत्र : इश्माएलविषयीची ख्रिस्ती परंपरा

वसई रोडहून दिव्याकडे जाणारी गाडी वाटेत भिवंडी रोड स्थानकात थांबते. या मार्गाच्या एका टोकाशी सामवेदी, वाडवळ आणि कोळी कॅथलिकांची वसई आहे. यंत्रमागांच्या भिवंडीत २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोक मुसलमान आहेत. जवळच्या ठाणे शहरात बेने इस्राएल या यहुदी समाजाने १८७९ साली बांधलेले शार हाशामाइम हे सभास्थान आहे. एकाच पुरातन कुलपुरुषाला पिता मानणारे हे तीन समाज, मुंबई सोडल्यास, महाराष्ट्रात इतक्या जवळ क्वचितच नांदतात. मराठी बायबलमध्ये त्या पुरुषाचे नाव अब्राहाम, मुसलमानांत इब्राहीम. इस्लामशी ज्याचे नाव जोडले जाते तो त्याचा थोरला पुत्र इश्माएल. त्याच्याविषयी ख्रिस्ती शास्त्रात नेमके काय आहे आणि पुढील परंपरेने त्यात काय भर घातली, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूनच हा विषय पाहावा लागतो.

मूळ वृत्तांत उत्पत्तीच्या पुस्तकात, मुख्यतः सोळा, सतरा, एकवीस आणि पंचवीस या अध्यायांत आहे. अब्राहामाची पत्नी सारा निपुत्रिक होती. तिनेच आपली मिसरी दासी हागार पतीला दिली. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता. त्याच्या शंभराव्या वर्षी सारेला इसहाक झाला आणि त्यानंतर घरात दोन पुत्रांना जागा उरली नाही. सारेच्या आग्रहावरून अब्राहामाने हागारेला भाकरी व पाण्याची मसक देऊन मुलासह बैरशेब्याच्या रानात लावून दिले. पाणी संपले, मुलाचे मरण पाहवेना म्हणून माता दूर जाऊन बसली. तेव्हा देवाने मुलाचा आवाज ऐकला आणि तिला विहीर दाखविली. इश्माएल पारानाच्या रानात वाढला, तिरंदाज झाला आणि आईने त्याला मिसर देशातली बायको करून दिली.

या कथेतील एक भाग घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. इसहाकाच्या जन्मापूर्वी, गरोदर असताना, हागार सारेच्या जाचाने एकदा पळाली होती. त्या वेळी वाटेवरच्या झऱ्यापाशी तिला देवदूत भेटला आणि तिने देवाला ‘पाहणारा’ या अर्थाचे नाव दिले. बायबलमध्ये देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती ही अशी एक परदेशी दासी आहे. इश्माएलही टाकून दिलेला पुत्र नाही. त्याच्यापासून बारा सरदार होतील आणि मोठे राष्ट्र निर्माण होईल, असे अभिवचन सतराव्या अध्यायात आहे. करार मात्र इसहाकाशी. अब्राहामाच्या मृत्यूनंतर त्याला मकपेलाच्या गुहेत पुरणारे हात दोघांचेही आहेत, इसहाकाचे आणि इश्माएलाचे. पंचविसाव्या अध्यायाने हे एका ओळीत नोंदविले आहे आणि माझ्या मते संपूर्ण कुलकथेतील सर्वांत दुर्लक्षित ओळ तीच.

उत्पत्तीतील वंशावळींनुसार अरबस्तानाशी संबंधित कुळे तीन शाखांची आहेत. पहिली शाखा शेमाच्या वंशातील यक्तानाची. तिच्यातील हसर्मावेथ हे नाव दक्षिण अरबस्तानातील हद्रमौत प्रदेशाशी जुळते. दुसरी अब्राहामाची नंतरची पत्नी कटूरा हिच्या सहा पुत्रांची. मिद्यान हा त्यांपैकी एक. तिसरी इश्माएलाच्या बारा पुत्रांची. नबायोथ, केदार, दूमा, तेमा ही त्यांतील काही नावे. तेमा हे वायव्य अरबस्तानातील आजचे तयमा मरूद्यान होय आणि केदारांचा उल्लेख अश्शूरी राजांच्या शिलालेखांतही सापडतो. अरब वंशशास्त्रकारांनीही पुढे अरबांचे कहतानी आणि अदनानी असे दोन भाग केले. त्यांनी कहतानाला यक्तान मानले आणि प्रेषित मुहंमदांचे कुरैश कुळ अदनानामार्फत इस्माईलशी, म्हणजे इश्माएलाशी, जोडले. अदनान आणि इस्माईल यांच्यामधील पिढ्यांविषयी मात्र मुस्लिम विद्वानांतही एकमत नाही.

अरब म्हणजे इश्माएलाचे वंशज, हे समीकरण इस्लामच्या उदयानंतर रूढ झाले, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याने अरबांना इश्माएलाचा वंश म्हटले आहे आणि इश्माएलाची सुंता तेराव्या वर्षी झाली म्हणून अरबही त्या वयात ती करतात, असे नोंदविले आहे. बेने इस्राएलांत ती आठव्या दिवशी होते, कारण इसहाकाची तेव्हा झाली होती. पाचव्या शतकातील ख्रिस्ती इतिहासकार सोझोमेन हाही अरब टोळ्यांना इश्माएलाचा वंश म्हणतो. मुहंमदांचा जन्म त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी झाला. आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने इस्लामचे खंडन लिहिताना मुसलमानांना ‘इश्माएली’ व ‘हागारी’ म्हटले. तेथपासून कुळाचे नाव वादाचे हत्यार झाले.

इस्लामी कथन येथून वेगळी वाट घेते. इब्राहीम आणि इस्माईल यांनी काबागृहाचा पाया उभारला, असे कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. सफा आणि मरवा या टेकड्यांमधील हाजेरची, म्हणजे हागारेची, धावपळ व जमजमची विहीर हज यात्रेच्या विधीत समाविष्ट आहे. बकरी ईदच्या दिवशी भिवंडीच्या मोहल्ल्यांत ज्या बलिदानाचे स्मरण होते, त्यातील पुत्र बहुसंख्य मुसलमान इस्माईल मानतात. कुराणात त्या प्रसंगी पुत्राचे नाव नाही आणि तबरीसारख्या थोर भाष्यकाराने इसहाकाचा पक्ष घेतला होता. बायबलमध्ये तेथे इसहाकाचे नाव स्पष्ट आहे. मक्केचा उल्लेख उत्पत्तीत नाही आणि पारानाचे रान ख्रिस्ती अभ्यासक सामान्यतः सिनाई द्वीपकल्पाच्या बाजूस शोधतात. म्हणून इश्माएलाचे मक्केशी असलेले नाते ही इस्लामची परंपरा होय. बायबल ते सांगत नाही.

ख्रिस्ती मनावर सर्वांत खोल ठसा उमटविला तो प्रेषित पौलाने. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो हागार आणि सारा यांना दोन करारांचे रूपक मानतो : एक दास्याचा, दुसरा स्वातंत्र्याचा. या उताऱ्याचा आधार घेऊन मुसलमानांना ‘दासीचे पुत्र’ म्हणण्याची प्रथा पुढे पडली. ती मला सर्वथा अनुचित वाटते. हे पत्र इस्लामच्या साडेपाचशे वर्षे आधीचे आहे. त्यातील वाद सुंता आणि नियमशास्त्र यांविषयीचा, ख्रिस्ती मंडळीच्या अंतर्गत आहे. हागारेला पौलाने जोडले ते सिनाई पर्वताशी आणि त्याच्या काळच्या यरुशलेमशी. हे रूपक आहे, असे तो स्वतःच सांगतो.

विसाव्या शतकात फ्रेंच पंडित लुई मासिन्याँ यांनी इश्माएलासाठी अब्राहामाने केलेल्या प्रार्थनेवर विपुल चिंतन केले. त्या विचारांची छाया कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेवर पडली. १९६४ च्या चर्चविषयक दस्तऐवजाच्या एका मसुद्यात ‘इश्माएलाचे पुत्र’ असा उल्लेख होता. अंतिम पाठात तो राहिला नाही. तेथे अब्राहामाच्या श्रद्धेशी नाते सांगणारे मुसलमान, एवढेच म्हटले आहे. २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेतही हीच सावध भाषा आहे. परिषदेने श्रद्धेच्या नात्याचा आदर केला आणि रक्ताच्या नात्याविषयी निर्णय देण्याचे टाळले.

हा संयम ठाणे परिसरात अधिकच सयुक्तिक ठरतो. भिवंडीच्या कोकणी मुसलमानांत अरब व्यापाऱ्यांशी नाते सांगणारी घराणी आहेत; पण मागांवर राबणारे मोमीन-अन्सारी विणकर मुख्यतः उत्तर प्रदेशातून आले. त्यांना इश्माएलाच्या वंशात बसविण्याचे काहीच कारण नाही. वसईचे कॅथलिक सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेले स्थानिक लोक. तेही इसहाकाचे वंशज नव्हेत. पौलाच्या सिद्धांतानुसार विश्वास ठेवणारा तोच अब्राहामाचे संतान. या परिसरात अब्राहामाशी रक्ताचे नाते आग्रहाने सांगणारे मुख्यतः बेने इस्राएल आहेत.

मराठीत बायबलची ही आदिकथा नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले आणि त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराचे आख्यान ओवीबद्ध आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणले. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. या कुलकथेचा एक धागा वसईच्या देवळांतही दरवर्षी ऐकू येतो. नाताळानंतर येणाऱ्या तीन राजांच्या सणाला यशयाच्या साठाव्या अध्यायातील पहिली सहा वचने वाचतात. सहाव्या वचनात मिद्यान, एफा आणि शबा येथील उंट सोने व ऊद घेऊन येतात. ही कटूरेच्या संततीची नावे. केदार आणि नबायोथ, म्हणजे इश्माएलाचे दोन पुत्र, आपले कळप घेऊन येतात ते सातव्या वचनात. वाचन सहाव्याशी थांबते.