सराफ्यातील केर

कथा लिहावी, कविता लिहावी असे मनात येते, कागद समोर ओढला जातो आणि लेखणी तेथेच अडते. विषयच सुचत नाही! ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी तरुणाला ही अडचण अधिकच जाणवते. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर दिवसभर हिंदी. पुण्यामुंबईच्या कथांतले वाडे आणि चाळी त्याच्या नित्य पाहण्यातले नव्हेत. मग त्याने लिहावे तरी कशावर?

त्याने महाराज बाड्यावरून सराफा बाजारात शिरावे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये छावणी दिली आणि तिचेच पुढे शहर झाले. ‘लष्कर’ हे नाव त्याचीच खूण होय. येथील दगडी जाळ्या व सज्जे पाहून पुष्कळांना काव्य स्फुरते, पण ते बहुधा जाळीपाशीच संपते. नजर जरा खाली, दुकानाच्या पायरीकडे न्यावी. सोनाराची कानस चालते तेव्हा सोन्याचे सूक्ष्म कण केरात मिसळतात. असा केर धुऊन, गाळून त्यातून सोने काढणाऱ्यांना हिंदीत न्यारिये आणि मराठीत झारेकरी म्हणतात. लेखकाचा धंदा याहून फारसा निराळा नाही.

समजा, एखादी वृद्धा पाटली मोडायला आली आहे. तराजूत टाकण्यापूर्वी ती ती पाटली एकदा हातात घालून पाहते. कथा येथेच आहे. मुलाचे शिक्षण, नवऱ्याचे आजारपण ही कारणे लगेच शोधू नयेत. ती कोणालाही सुचतात. तिने पाटली पुन्हा का घातली, एवढाच प्रश्न घरी न्यावा आणि टिपणवहीत दोन ओळींत नोंदवून आठ दिवस तसाच ठेवावा.

राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा आणि १९४१ मध्ये त्यांचा अंतही ग्वाल्हेरीसच झाला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहूनही त्यांना विषयांची वाण पडली नाही. तिन्हीसांजेची वेळ, सासरी निघालेली नववधू, असे घरोघरचे प्रसंग त्यांना पुरले. अनेक कवितांना त्यांनी रागांची नावे जोडली, याचेही नवल नाही; ख्यालगायकीच्या प्रदेशात सूर शोधायला लांब जावे लागत नाही. याच लष्करात १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी गायनाचे विद्यालय काढले होते.

राहिला दोन भाषांचा प्रश्न. याच संस्थानातील श्योपूर येथे १९१७ साली जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहू लागले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत. एकाच घरातून दोन्ही वाटा निघाल्या. सराफ्यातला संवाद मराठी कथेत आणताना सराफाच्या तोंडी साजूक मराठी घालण्याचा मोह नवख्या लेखकाला होतो. तो टाळावा. भाव सांगताना सराफ हिंदीच बोलेल, आणि वृद्धा मनाशी मराठीत हिशेब करील.