श्रीमंतांच्या शाळेतील शिष्यवृत्तीधारक

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘स्टार वन’वर ‘रीमिक्स’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा रायपूरला राजधानी होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. तात्यापाऱ्यातील नोकरदार मराठी घरांत पगाराची ओढाताण नवी नव्हती. पडद्यावर मात्र उद्योगपतीची कन्या आणि चित्रतारकेची मुलगी एकाच उच्चभ्रू शाळेत वावरत. फी, वसतिगृह, पुस्तके यांचा हिशेब अशा मालिकांत क्वचितच येतो.

‘रीमिक्स’ ज्या अर्जेंटिनी मालिकेवर बेतली होती, ती ‘रेबेल्दे वे’ (२००२) या बाबतीत धीट होती. तेथे शिष्यवृत्तीवर आलेल्या मुलांना धनिकांच्या शाळेतून हुसकावण्यासाठी एक गुप्त मंडळी झटत असते. चौघांच्या वाद्यवृंदाची लोकप्रियता मोठी. तरी मोलाचा धागा खरे तर हाच. मध्यमवर्गीय प्रेक्षकाला आपले माणूस सापडते ते याच मुलांत.

२००१ च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाख रुपयांपर्यंत तारणाची अट नव्हती. अशा कर्जाच्या आधारे परगावी शिकावयास गेलेल्या मुलांना शुल्काची चिंता तेवढी नसे. वसतिगृहातील पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी सहज विचारी, ‘वडील काय करतात?’