जीपचे क्राऊन-पिनियन : आधी दात मोजा, मग पाना लावा



आपल्या भागात जुन्या जीपगाड्या अजून शेतीच्या कामाला जुंपलेल्या आहेत. बेणे मळ्यातून बेणे आणणे, खताची पोती वाहणे, मागे लहान ट्रेलर जोडून रानापर्यंत जाणे ही कामे त्या निमूटपणे करतात. अलीकडे गटभेटीत एक प्रश्न वारंवार निघतो. "साहेब, जीपच्या पाठीमागच्या हाऊसिंगमध्ये मोटारगाडीचे दात बसवले तर गाडी पळते आणि डिझेल वाचते म्हणतात, खरे काय?"

हा प्रश्न वर्कशॉपचा, ऊस विकास खात्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण एकरी साधारण अडीच ते तीन टन बेणे लागते आणि तोडलेल्या बेण्याची लागण शक्यतो २४ तासांत व्हावी लागते. गाडी वाटेत बसली तर बेणे सुकते, उगवण घटते आणि वर्षभराच्या उसाला तूट येते. म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

दात म्हणजे काय?

प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असते. ते मोठ्या क्राऊनला फिरवते. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की रेशो निघतो. जुन्या सिव्हिलियन विलीस जीपमध्ये, म्हणजे १९४५ साली निघालेल्या सीजे-२ए पासून पुढे, क्राऊनला ४३ व पिनियनला ८ दात असत. रेशो झाला ५.३८. युद्धातल्या लष्करी विलीस एमबीला मात्र ३९ व ८, म्हणजे ४.८८. लष्करी गाडी रस्त्यावर पळवायची होती, तर सिव्हिलियन जीप शेतात नांगर व ट्रेलर ओढील या हिशेबाने विकायची होती. दातांमधला फरक हा कामामधला फरक आहे.

हिशेब करून पाहू

जीपचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर चालते असे धरू. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ४५५ फेरे घेते. टॉप गिअरमध्ये इंजिनाचे फेरे असे पडतात :

५.३८ दातांवर – सुमारे २४४५
४.८८ दातांवर – सुमारे २२१५
३.७३ दातांवर – सुमारे १६९५

इंजिन सावकाश फिरते, आवाज कमी होतो आणि मोकळ्या सपाट रस्त्यावर डिझेलही थोडे वाचू शकते. इथवर मिस्त्री सांगतो ते खरे आहे. पण दुसरी बाजू बघा. त्याच इंजिनाची चाकावरची ओढ ४.८८ ला सुमारे ९ टक्क्यांनी, तर ३.७३ ला सुमारे ३० टक्क्यांनी घटते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? इंजिनाची ताकद दातांनी वाढत नाही. ओढ देऊन वेग घ्यायचा, एवढाच हा सौदा.

मग भरलेला ट्रेलर घेऊन ओल्या रानातून निघताना क्लच प्लेट जळू लागते. ज्या चढावर गाडी तिसऱ्यात जायची तेथे दुसरा टाकावा लागतो, आणि वाचलेले डिझेल तेथेच जाते. उताराला तर जिवाशी गाठ आहे. गिअरमध्ये गाडी उतरवताना इंजिनाचा जो अडसर मिळतो, तोही त्याच प्रमाणात कमी होतो. मागून ट्रेलर ढकलत असतो आणि सगळा भार जुन्या ब्रेकवर येतो.

मोटारीचे दात जीपला बसतात का?

सरसकट नाही. अँबॅसॅडरचा क्राऊन जीपच्या हाऊसिंगमध्ये बसत नाही, त्याचे घराणेच वेगळे. एकाच घराण्यात मात्र अदलाबदल होऊ शकते. डाना ४४ या एक्सलचेच उदाहरण घ्या. हा जीपला आला, तसाच अमेरिकेतल्या स्टुडबेकर मोटारींनाही आला. तरीही अडचण उरते. डाना ४४ मध्ये ३.७३ व त्याखालच्या दातांना एक कॅरिअर आणि ३.९२ व त्यावरच्या दातांना दुसरा लागतो. ३.७३ च्या कॅरिअरवर ५.३८ चा क्राऊन लावला तर तो पिनियनपर्यंत पोहोचतच नाही. मध्ये जाड रिंग घालून 'जमवून' देणाऱ्याच्या हाती ओझ्याची गाडी देऊ नये.

बदलायचेच असेल तर

१) आधी स्वतःच्या गाडीचे दात ओळखा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा. जुन्या जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असतो, तो या वेळी सोडावा लागतो, म्हणून उटीशिवाय जॅक लावू नये. गाडी न्यूट्रल व टू-व्हीलमध्ये ठेवून मागचे एकच चाक उचला. ते बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. पाच आणि वर एक तृतीयांशाहून थोडे जास्त भरले तर ५.३८, पाचाला थोडे कमी पडले तर ४.८८.

२) क्राऊन व पिनियन जोडीनेच घ्या. कारखान्यात ती जोडी एकमेकांवर घासून जमवलेली असते. भंगारातून एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचे पिनियन आणू नये.

३) शिम, बेअरिंगचा ताण आणि दातांमधली फट मॅन्युअलप्रमाणेच ठेवावी. दातांना रंग लावून घासणीची खूण मध्यावर येते की नाही, हे समोर उभे राहून पाहावे. गाडी गुणगुणू लागली तर काम कच्चे आहे.

४) या दातांना हायपॉइड गिअर ऑइलच लागते. मिळेल ते नव्वद नंबरचे ऑइल ओतू नका.

५) फोर-व्हील जीप असेल तर पुढचे व मागचे दात एकाच रेशोचे हवेत. पुढे ५.३८ व मागे ४.८८ राहिले तर पुढची चाके १०० फेरे घेताना मागची ११० घेऊ पाहतात. चिखलात हे निभते, कोरड्या रस्त्यावर टायर आणि ट्रान्स्फर केस दोन्ही जातात.

६) स्पीडोमीटर चुकतो. ५.३८ चे ४.८८ केल्यावर काटा ४० दाखवील तेव्हा गाडी ४४ ने चाललेली असते.

७) इंजिन किंवा अख्खा एक्सल बदलून नोंदणीतल्या तपशिलात फरक पडत असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ लागू होते. आरटीओकडे आधी विचारा. अपघातानंतर विमा कंपनी हेच पाहते.

सारांश

ज्यांच्या जीपमध्ये सावकाश फिरणारे डिझेल इंजिन आहे आणि जी बहुतांशी डांबरी रस्त्यावर रिकामी धावते, त्यांनी ४.८८ चा विचार करायला हरकत नाही. ज्यांना बेणे, खत आणि ट्रेलर ओढायचा आहे, त्यांनी ५.३८ चे दात जपावेत. नव्या दातांचा खर्च योजला असेल, तर तो आधी ब्रेक आणि ट्रेलरच्या हुकावर करावा. बैलाची निवड आपण काम पाहून करतो, गाडीच्या दातांनाही तोच न्याय लावावा, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी